सामान रात्री दहापूर्वी दाराबाहेर ठेवावे

जहाजावरच्या खोलीत नऊ रात्री पलंगावर कुणी ना कुणी बसलेलं असायचं. पहिल्या रात्री टॉवेलचा हत्ती, दुसऱ्या रात्री टॉवेलचं माकड, मग हंस, मग एक प्राणी ज्याला तपासनीस ससा म्हणाला, त्याची बायको गाढव म्हणाली, आणि केबिनवाल्याला विचारलं तेव्हा तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "साहेब, ते कासव आहे." दहाव्या, म्हणजे शेवटच्या रात्री दोघं जेवून खोलीत आली तेव्हा पलंगावर कुणीच नव्हतं. नुसत्या दोन कागदी पट्ट्या पडल्या होत्या, सामानाला बांधायच्या. एक हिरवी, एक तपकिरी. तपासनीसाने दोन्ही उचलल्या, दिव्याखाली धरल्या, उलटसुलट पाहिल्या. लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट तपासण्यात त्याची चौतीस वर्षं गेली होती. दोन गोष्टी सारख्या असायला हव्यात आणि नाहीत, हे त्याच्या डोळ्यांना आधी कळायचं, त्याला स्वतःला सावकाश मागून.

"एका खोलीला दोन रंग दिलेत. घोटाळा झालाय. खाली जाऊन बदलून आणतो."

"घोटाळा नाही," बायको आरशासमोर कानातलं काढत म्हणाली. "मी मागून घेतलाय. तपकिरी माझा."

दाराच्या आतल्या बाजूला सूचना चिकटवलेली होती आणि ती त्याला पाठ होती. प्रवाशांनी आपल्या बॅगांना रंगीत पट्टी बांधून त्या रात्री दहापूर्वी दाराबाहेर ठेवाव्यात. रात्रीतून त्या जहाजाच्या पोटात जाणार आणि सकाळी बंदरावरच्या शेडमध्ये रंगवार रांगा करून उभ्या राहणार. माणसंही रंगवारच उतरणार. तपकिरी साडेसातला, हिरवे नऊ वाजून दहा मिनिटांनी. मधे एक तास चाळीस मिनिटं. "ताई आठला गाडी घेऊन येतेय," बायको म्हणाली, "तिला ताटकळत कशाला ठेवायचं." तो म्हणाला, "नाही, बरोबर आहे." आणि खरंच बरोबर होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून तो तपकिरी पट्टी तिच्या बॅगेला बांधून देऊ लागला, तर ती म्हणाली, "राहू द्या. ती तरी मला बांधू द्या."

ताईकडे जाण्याचं तिने सांगितलं होतं तिसऱ्याच दिवशी, वरच्या डेकवर, दोन खुर्च्यांवर दोघं शेजारी आडवी पडलेली असताना. समोर समुद्र इतका होता की कुठे बघावं हा प्रश्नच नव्हता. ती पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली होती, "उतरल्यावर मी ताईकडे जाणार आहे." त्याने विचारलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "दिवस नाही. राहायलाच." पान उलटलं. "तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला काही लागतच नाही हो. एकोणतीस वर्षं मी एका अशा माणसाच्या घरात राहतेय, ज्याला काहीच लागत नाही. मी तिथे काय करते तेच मला कळत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात निदान कुणीतरी येऊन विचारतं, बाई, हे पुस्तक कुठे आहे." तपासनीस यावर "बरं" म्हणाला. नोकरीची सवय. समोरच्याने काही सांगितलं की आधी बरं म्हणायचं, मग जाऊन प्रत्यक्ष पाहायचं. तो उठला आणि नऊ नंबरच्या लिफ्टचं दार किती सेकंदांत बंद होतं ते पाहून आला. साडेचार सेकंद लागत होते. अर्धा जास्त. परत आला तेव्हा ती झोपली होती, पुस्तक पोटावर पालथं. तेव्हापासून त्याच्याकडे एक वाक्य बोलायला सात दिवस होते. वाक्य कोणतं ते ठाऊक नव्हतं, पण दिवस सात होते, आणि त्यांतले सात संपले होते.

काही लागत नाही, हा दोष असू शकतो हे त्याच्या कधी गावी नव्हतं. त्याला तर वाटायचं, आपण जगात एवढी एकच गोष्ट चांगली करतो. बटण आपलं आपण लावायचं. चहा आपला आपण करायचा, आणि करताना कपाची बशी वाजू द्यायची नाही. वडिलांचं शिक्षण. कुणाला त्रास द्यायचा नाही, या एका तत्त्वावर त्या माणसाने अख्खं आयुष्य काढलं आणि मरणही तसंच निभावलं: दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले, आणि समोर बसलेला शेजारी पुढे अर्धा तास त्यांच्याशी बोलत राहिला. निघताना म्हणाला, आज फार छान गप्पा झाल्या. तपासनीसाने हाच कित्ता गिरवला. पोटात कळ आली तेव्हा रिक्षा करून एकटा दवाखान्यात गेला आणि जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेला: 'अपेंडिक्स काढायला जातो आहे. दूध तापवून ठेवलंय.' बायको दवाखान्यात आली ती ती चिठ्ठी मुठीत चुरगळूनच. त्याला वाटलं घाबरली असेल. तो गुंगीतच म्हणाला, "अगं, कशाला आलीस एवढ्या लांब?" ती त्याच्या उशाला बसून राहिली, आणि थोड्या वेळाने उठून खिडकीचा पडदा सरळ केला, मग परत वाकडा केला, मग परत सरळ केला. हातांना काही काम लागतं, हे त्याला दिसलं होतं. कळलं नव्हतं.

घरात तो रबरी तळव्यांचे बूट घालून शिरायचा. दर महिन्याला दाराच्या बिजागऱ्यांना तेल द्यायचा. ती पाठमोरी पुस्तकांना कव्हरं घालत बसलेली असायची आणि दचकून म्हणायची, "अहो, आलात हे कळू तरी द्या!" तो मनापासून शरमायचा. पुढच्या वेळी आणखी हळू यायचा.

ही सफर तिनेच ठरवली होती, तो निवृत्त झाला त्या महिन्यात. बोटीवर म्हणे माणसाला काहीही करावं लागत नाही, सगळं दुसरे करतात. दहा दिवस. तिच्या मनात काय असेल ते त्याला आता, शेवटच्या रात्री साडेनऊ वाजता, बॅगेचं झाकण उघडताना थोडंथोडं दिसायला लागलं. पहिल्याच रात्री त्याने केबिनवाल्याकडे सुईदोरा मागितला होता. दुसऱ्या सकाळी पलंग स्वतः आवरून ठेवला, चादरीचे कोपरे लिफाफ्यासारखे दुमडून. केबिनवाला दारात उभा राहून बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, मग मी काय करू?" बायको तेव्हा एवढं हसली होती की तिला ठसका लागला. तपासनीसही हसला होता. दोघं एकाच गोष्टीला हसत नव्हती, हे समजायला त्याला आठ दिवस लागले.

तो सामान भरायला बसला. त्याची एक यादी होती, त्रेचाळीस वस्तूंची, आणि भरण्याची एक शिस्त होती: जे जड आणि किमती ते तळाला. म्हणून त्याने सर्वांत आधी अंगावरचा जेवणाचा सूट उतरवला, घडी घालून तळाला ठेवला, आणि जहाजाचा पांढरा अंगरखा चढवला. त्यावर बूट, त्यावर इतर पँटी, शर्ट, मोजे, दाढीचं सामान. एकेक वस्तू बॅगेत, एकेक खूण यादीवर. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. बायको आपली बॅग भरताना मधेच थांबून त्याच्याकडे बघत होती. दहाला दहा कमी असताना त्याने दोन्ही बॅगा बाहेर नेऊन दाराच्या दोन बाजूंना उभ्या केल्या. लांबलचक बोळ होता, दोन्ही बाजूंना दारं, आणि प्रत्येक दाराबाहेर बॅगा, जणू अख्ख्या मजल्याने आपापल्या पाहुण्यांना बाहेर काढलं होतं आणि पाहुण्यांना अजून ते खरं वाटत नव्हतं. एका बॅगेवर कुणीतरी टोपी ठेवली होती. तपासनीस तिच्याकडे पाहून किंचित झुकला, आणि मग आपण बॅगेला नमस्कार केला हे लक्षात येऊन आत आला.

बायको फुलाफुलांचा पायजमा-सदरा घालून झोपली होती. मोठी पिवळी फुलं, बशीएवढी. तो काळोखात जागा राहिला. जहाजाचं इंजिन खाली कुठेतरी चालू होतं, आवाज कमी आणि थरथर जास्त, ती उशीतून दातांत यायची. वाक्य शोधायचं होतं. 'जाऊ नकोस' हे एक वाक्य होतं, पण ते म्हणजे तिने ठरवलेल्या गोष्टीत खोडा घालणं झालं. 'मला करमणार नाही' हेही होतं, पण त्यात तक्रारीचा सूर होता. 'सुखाने राहा' हे सगळ्यांत शोभण्यासारखं होतं. वडील हेच म्हणाले असते. एकच्या सुमाराला, वाक्य शोधता शोधता, त्याचा हात सवयीने खुर्चीच्या पाठीकडे गेला. तिथे उद्याचे कपडे ठेवलेले असतात. खुर्चीला नुसती पाठ होती.

तो उठून बसला. मनातल्या मनात यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पँटी: चार. खूण. शर्ट: सात. खूण. एकही चूक नव्हती, आणि म्हणूनच तो आता समुद्राच्या मधोमध एका बनियन-चड्डीवर, परक्याच्या अंगरख्यात, कापडी सपाता घालून उभा होता. अंगरख्याच्या खिशात कार्ड होतं: हे वस्त्र जहाजाची मालमत्ता आहे. त्याने दार उघडलं. बोळ रिकामा होता. सगळे पाहुणे गेले होते.

खाली मुख्य काउंटरवर रात्रपाळीचा एक कारकून शब्दकोडं सोडवत बसला होता.

"मला माझी पँट हवी आहे," तपासनीस म्हणाला.

कारकुनाने वर पाहिलं, अंगरखा पाहिला, सपाता पाहिल्या आणि पेन्सिल कानामागे खोचली. "सगळी गेली का?"

"सगळी."

"सामान खाली गेलं साहेब. चार हजार सातशे बॅगा आहेत."

"माझी निळी आहे."

"त्यांतल्या दोन हजार निळ्या आहेत." मग त्याला कीव आली असावी. "मनाला लावून घेऊ नका. दर फेरीला दोघं-तिघं असतातच. मागच्या फेरीला एक न्यायाधीश होते."

"मग? काय केलं त्यांनी?"

"खिडकीचा पडदा गुंडाळून उतरले. पण खरं सांगू का, फार रुबाबदार दिसत होते. लोक बाजूला होत होते." कारकून जरा पुढे झुकला. "बरोबर बाई आहेत ना तुमच्या? त्यांच्याकडे काही असेल की. विचारा."

"झोपलीय ती."

"मग उठवा."

"तिला कशाला त्रास."

कारकून त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं, आणि तपासनीसाला असं वाटलं की या माणसाला आपल्याबद्दल सगळं समजलं आहे आणि ते कोड्याच्या चौकोनांत मावतंय का ते तो बघतोय.

खोलीत परत जायचं तर दार वाजलं असतं. तो लिफ्टमध्ये शिरला. चौदा लिफ्ट होत्या जहाजावर, आणि या वेळी चौदाही त्याच्या एकट्याच्या होत्या. आत आरसा, बाकडं, पायाखाली गालिचा. त्याने सगळ्यांत वरचं बटण दाबलं, मग सगळ्यांत खालचं, मग पुन्हा वरचं. जमिनीवरची लिफ्ट सरळ जाते. ही वर जाताना जरा डावीकडे, जरा उजवीकडे कलायची, झोपेत कूस बदलल्यासारखी. बाकड्यावर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागत होता आणि उघडत होता, आणि दार उघडत होतं आणि लागत होतं. अकराव्या मजल्यावर दार उघडलं तर समोर रिकामं नाचघर, एक बाई एकटीच फुगे फोडत होती, कामच असावं तिचं ते. सातव्यावर दार उघडलं तर समोर घरचं स्वयंपाकघर होतं. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी. तो आत शिरला, आवाज न करता, आणि ती वळली नाही. सहाव्यावर पुन्हा तेच स्वयंपाकघर, पाचव्यावरही, प्रत्येक मजल्यावर ती पाठमोरी, केस थोडे थोडे पांढरे होत चाललेले, आणि प्रत्येक मजल्यावर तो इतका छान, इतका बिनआवाज शिरत होता की कुणीही शाबासकी दिली असती. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा ओटा होता, ती नव्हती. कव्हर घातलेली पुस्तकं होती, आणि दूध तापवून ठेवलेलं होतं. तो ओरडला. म्हणजे ओरडणार होता. तोंडातून आलं ते "बरं".

जाग आली तेव्हा दार उघडंच होतं आणि बाहेर उजाडत होतं. तो वरच्या डेकवर गेला. बंदर जवळ आलं होतं, किंवा आपण. एवढं मोठं जहाज चालतंय असं वाटतच नाही, शहरच कुणीतरी हळूहळू ओढत आणतंय असं वाटतं. क्रेन, गोदामं, एका गच्चीवर वाळत घातलेली चादर. अंगरख्यात गार वारा शिरत होता. त्याला एकदम थंडी वाजली, आणि थंडी वाजते आहे हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. ही इच्छा इतकी अनोळखी होती की तो कठड्याला धरून उभा राहिला.

खोलीत आला तेव्हा बायको तयार होती. करडी साडी, केस बांधलेले, खांद्यावर छोटी पिशवी, ज्यात रात्रीचे कपडे ठेवायचे असतात हे शहाण्या माणसांना आधीच माहीत असतं. "कुठे होतात?" ती म्हणाली. मग तिची नजर खाली सपातांपर्यंत गेली आणि परत वर आली. "अहो, तयार व्हा ना. तुमचा नंबर नऊ दहाचा असला म्हणून काय झालं."

तो दारात उभा राहिला. पडदा होता खिडकीला, हे त्याने पाहिलं. करड्या रंगाचा, जाड, न्यायाधीशाला शोभेल असा. काढणं सोपं होतं, वरचे चार हुक. कुणाला काही कळलंही नसतं.

"पँट नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"सगळ्या बॅगेत गेल्या. बूटसुद्धा. माझ्याकडे काहीच नाहीये घालायला." आणि मग, चौतीस वर्षांत कुठल्याही लिफ्टच्या टपावर ज्याला आधार लागला नव्हता तो दाराची चौकट धरून म्हणाला, "तुझं काही असेल तर दे ना."

ती पलंगाच्या कडेवर बसली. हसली नाही. "परत म्हणा."

"काय?"

"शेवटचं."

"तुझं काही असेल तर दे ना."

तिने पिशवी मांडीवर घेतली, चेन उघडली, पिवळ्या फुलांचा पायजमा काढला आणि झटकला. "आणि वरचं पण घ्या. सेट आहे. अर्धवट बरं दिसत नाही."

पायजमा त्याच्या नडगीपर्यंत आला. नाडी नव्हती, इलॅस्टिक होतं, आणि तेही म्हातारं झालेलं. एका हाताने कंबर धरून ठेवावी लागत होती. भोंग्यातून आवाज आला, तपकिरी रंगाच्या प्रवाशांनी उतरावे. ती उठली. दारापर्यंत गेली. "निघते," ती म्हणाली, पाठमोरी.

"मी पण येतो."

"तुमचा हिरवा आहे."

"असू दे."

असू दे! हे त्याने उच्चारलं आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. रांगेत कुणी घुसलं तर ज्याच्या मानेची शीर उडायची तो माणूस बशीएवढी फुलं अंगावर घालून तपकिरी लोकांत मिसळला आणि उतारावरून चालू लागला. लोक बाजूला होत होते. केबिनवाला जिन्याशी निरोप द्यायला उभा होता; त्याने तपासनीसाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि अत्यंत समाधानाने म्हणाला, "छान वाटलं साहेब."

शेड विमानं ठेवावीत एवढी मोठी होती. जमिनीवर रंगांचे पट्टे आखलेले, त्यांवर बॅगा. तिची बॅग लगेच मिळाली. "आता तुमची," ती म्हणाली, "हिरव्यात बघू या, मग तुम्ही कपडे बदला आणि मी निघते. ताई आली असेल." दोघं हिरव्या रांगेत शिरली. तो पुढे, कंबर धरून. ती मागे, चाकांचा खडखडाट करत.

त्याने बॅग दहा पावलांवरून ओळखली. निळी, मुठीवर त्याने स्वतः गुंडाळलेली काळी चिकटपट्टी, खाली मोठ्या अक्षरांत त्याचं नाव, पत्ता आणि रक्तगट. आत चार पँटी. त्याने हिशोब केला, त्याला हिशोबच येत होता: बॅग उघडायला एक मिनिट, बदलायला तीन, पायजम्याची घडी घालून परत द्यायला एक. पाच मिनिटांत सगळं जिथल्या तिथे आणि ती दाराबाहेर. तपासनीस म्हणून त्याने हजारो कागदांवर सह्या केल्या होत्या आणि एकही खोटी नव्हती. जे दिसलं ते लिहिलं. मोठमोठे बिल्डर हात जोडून उभे राहिले होते, साहेब, एवढं बघून न बघितल्यासारखं करा. त्याने केलं नव्हतं. बॅग आता तीन पावलांवर होती. दोन. त्याची पावलं सपातांत फटफट वाजत होती. तो बॅगेला वळसा घालून पुढे गेला, रांगेच्या टोकापर्यंत गेला, आणि वळून म्हणाला,

"नाही दिसत."

बायको बॅगेशेजारीच उभी होती. तिने बॅगेकडे पाहिलं, नावाकडे पाहिलं, रक्तगटाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. शेडच्या वरच्या काचांतून ऊन उतरत होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि आजूबाजूचे लोक आपापले रंग ओढत चालले होते, आवाज कापसातून आल्यासारखे.

"नीट बघितलंत?"

"बघितलं." त्याचे कान तापले होते. "दोनदा."

तिने हात बॅगेच्या मुठीवरून सहज फिरवल्यासारखा केला आणि काढून घेतला. "हं," ती म्हणाली. "नाही खरी."

भिंतीला लागून एक बाक होतं. दोघं जाऊन बसली, समोर त्याची बॅग. हिरवे आले, आपापल्या बॅगा घेऊन गेले. निळे, पांढरे, सगळे गेले. शेवटी शेडमध्ये ती एकच बॅग उभी राहिली. शेडवरचा हमाल तिच्यापाशी आला, वाकून नाव वाचलं आणि बाकाकडे पाहून ओरडला, "ओ साहेब, ही तुमची का?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली.

हमाल डोकं खाजवत कागद आणायला गेला. तपासनीसाला थंडी वाजत होती. "मला थंडी वाजतेय," तो म्हणाला. ती सरकून बसली आणि पदर त्याच्या खांद्यावर ओढला, रागावल्यासारखी, टोक नीट खोचून.

पिशवीतला फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी तिने तो कानाला लावला.

"हो ताई, उतरलो. कधीच्याच... नाही गं, ह्यांची बॅग मिळत नाहीये... अगं, माझी मिळालीय, पण..." तिने पिवळ्या फुलांकडे पाहिलं, आणि कंबर धरलेल्या त्या हाताकडे. "मी कशी निघून येऊ? माझे कपडे ह्यांच्या अंगावर आहेत."